गायीच्या पेंडीला नंबर नाही

मांडवगण फराट्याला पशुखाद्याच्या दुकानात दुपारी तीनच्या सुमाराला गेलं, की दुकानदार पोत्यांच्या थप्पीला टेकून पेंगत असतो. सरकी पेंडीचा तेलकट, किंचित गोडसर वास, वजनकाट्यावर मुटकुळं करून झोपलेलं मांजर आणि काउंटरच्या काचेला चिकटवलेला क्यूआर. तो क्यूआर मी कितीदा तरी पाहिला होता, वाचला मात्र कधीच नव्हता. तो वाचता येतो हेच मुळी माहीत नव्हतं.

दिवाळीत आजोळी गेलो असताना मामांच्या गायींच्या पेंडीचे पैसे मी दिले. बिल झालं तीन हजार. मामांनी बंडीच्या खिशात हात घालायच्या आत मी मोबाइल पुढे केला, कारण मोबाइलमध्ये नवंकोरं रुपे क्रेडिट कार्ड जोडलेलं होतं आणि त्याच्या जाहिरातीत ‘५ टक्के परत’ हे शब्द एवढे ठसठशीत होते, की त्याखालची बारीक अक्षरं वाचायची गरजच वाटली नव्हती. साउंड बॉक्सनं तीन हजार मिळाल्याचं अर्ध्या पेठेला सांगितलं. मी मनात दीडशे रुपये कमावले. महिन्याअखेरीला हिशेब आला तेव्हा त्या खरेदीपुढे ४० पॉइंट दिसले. एका पॉइंटची किंमत २५ पैसे. म्हणजे दहा रुपये.

मामांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, “दहा तर दहा. दुकानदार तेवढंबी सोडत नाय.”

त्यांचं बरोबर होतं, पण माझ्या डोक्यातून ते दीडशे जाईनात. दीडशेचे दहा झाले कुठे? त्याचा माग काढताना मी जिथे पोचलो, ती जागा दुकानातल्या त्या काचेवरच होती.

मोबाइलमध्ये पैसे पाठवायच्या अ‍ॅपऐवजी साधं क्यूआर वाचणारं अ‍ॅप उघडायचं आणि दुकानातल्या क्यूआरवर धरायचं. पैसे जात नाहीत, फक्त त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनांत लिहिलेलं वाक्य पडद्यावर उमटतं. जपानमध्ये १९९४ साली डेन्सो वेव्ह कंपनीच्या मासाहिरो हारा यांनी मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला हा चौकोन शोधला. आज तो मांडवगणच्या काउंटरवर पेंडीचे पैसे मोजतो. त्याच्या पोटातलं वाक्य अगदी साधं असतं: हा यूपीआयचा पत्ता, हे दुकानाचं नाव. आणि दुकानदारांच्या क्यूआरमध्ये बऱ्याचदा आणखी एक तुकडा असतो, ‘एमसी’ या दोन अक्षरांपुढे चार आकडे. गावातल्या पेंडीच्या त्या दुकानापुढे होतं ५९९९.

हे चार आकडे म्हणजे दुकानाची जात. दुसरा शब्द मला सुचत नाही. दुकानदार बँकेकडून किंवा पेमेंट कंपनीकडून क्यूआर घेतो तेव्हा त्याच्या धंद्याला एका जागतिक यादीतला आकडा लावला जातो. आयएसओ १८२४५ या मानकात ही यादी आहे, आणि कार्डाच्या कंपन्या, बँका, यूपीआय सगळे तीच भाषा बोलतात. किराण्याच्या मोठ्या दुकानाला ५४११. औषधांच्या दुकानाला ५९१२. खानावळीला ५८१२. पेट्रोल पंपाला ५५४१. हार्डवेअरला ५२५१. केस कापणाऱ्याला ७२३०, जनावरांच्या डॉक्टरला ०७४२, शाळेला ८२११. आणि तुम्ही दुकान न चालवणारे साधे माणूस असाल, तर तुमच्या क्यूआरमध्ये बऱ्याचदा ०००० असतात.

ही यादी मी एका रात्री कादंबरीसारखी वाचून काढली. टोप (म्हणजे डोक्यावर घालायच्या केसांचे) विकणाऱ्या दुकानांना स्वतंत्र आकडा आहे, ५६९८. बँड आणि वाजंत्रीवाल्यांना ७९२९. आपल्याकडे लग्नसराईत त्या आकड्यावर केवढी उलाढाल व्हायला हवी! अंत्यसंस्कार करणाऱ्यांना ७२६१. शेतकी सहकारी संस्थांनाही आहे, ०७६३, हे वाचून मला उगाच आपल्या सोसायटीचा अभिमान वाटला. विमान कंपन्यांची तर बातच वेगळी, त्यांतल्या कितीतरींना आपापला आकडा आहे: युनायटेडला ३०००, अमेरिकन एअरलाइन्सला ३००१, अशी मोठी रांग. हॉलिडे इनला ३५०१. कुत्र्यामांजरांच्या खाद्याच्या दुकानाला ५९९५. मग मी गायीची पेंड शोधायला लागलो. दोनदा वरून खाली गेलो. गायीच्या पेंडीला काही नंबर सापडला नाही. ५९९९ म्हणजे काय, तर ‘बाकीची किरकोळ आणि खास दुकानं’. विमानात बसणाऱ्याच्या कितीतरी कंपन्यांना स्वतःचा आकडा, आणि भीमेकाठच्या दुधाच्या धंद्याचा सगळ्यात मोठा खर्च ‘बाकीचे’ म्हणून एका टोपलीत.

दीडशेचे दहा इथे झाले. कार्डाच्या जाहिरातीतले ५ टक्के हे हॉटेल, ऑनलाइन खरेदी अशा मोजक्या आकड्यांसाठी असतात. त्याबाहेरच्या सगळ्याला बँक ‘इतर खर्च’ म्हणते आणि त्याचा दर वेगळा, बारीक अक्षरात लावते. आणि बँक तुमच्या पिशवीत काय आहे हे बघतच नाही, ती फक्त दुकानाचा आकडा बघते. सुपरमार्केटात खोकल्याचं औषध घेतलं तर तो किराणा. पंपावरच्या दुकानात बिस्किटं घेतली तर बहुधा ते पेट्रोल. आकडा लावताना समोरच्या पोरानं घाईत भलतीच ओळ निवडली असेल, तर केशकर्तनालय हार्डवेअर होतं आणि वर्षानुवर्षं तसंच राहतं.

आकड्यांचा हा खेळ बघताना मला राहून राहून शेजारचं इनामगाव आठवत होतं. मांडवगणपासून जवळच, घोड नदीच्या काठी. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांनी १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केलं, आणि जोर्वे संस्कृतीतलं सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचं अख्खं खेडं मातीखालून वर आलं. ढवळीकरांनी घरांमध्ये काय सापडलं त्यावरून कुणाचा धंदा काय, हे लावलं. कुंभार, सोनार, चुना भाजणारा, मणी करणारा अशा कारागिरांची घरं वस्तीच्या पश्चिमेच्या कडेला. गावाच्या मध्यात पाच खोल्यांचं मोठं घर, ते मुखियाचं असावं, आणि त्याला लागून धान्याचं कोठार. ढवळीकरांचं म्हणणं असं, की गावाकडून धान्य कोठारात यायचं आणि तिथून पुन्हा वाटलं जायचं. कुणाला किती परत मिळायचं, हे तो कुठल्या घरात राहतो आणि काय करतो यावर ठरत असणार. हा शेवटचा तर्क माझा आहे, पुरातत्त्वज्ञांच्या माथी मारू नये.

पण कार्डाचं कोठार भरतं ते असंच. दुकानदारानं कार्डानं पैसे घेतले, की प्रत्येक शंभरातून साधारण दीड-दोन रुपये कापले जातात. त्यातला मोठा वाटा ज्या बँकेनं गिऱ्हाइकाला कार्ड दिलं तिच्याकडे जातो, आणि त्यातूनच ती ‘परत’ देते. अमेरिकेत सीअर्सच्या डिस्कव्हर कार्डानं १९८६ साली ही परतीची कल्पना घरोघरी नेली. म्हणजे रिवॉर्ड हे काही बँकेचं औदार्य नाही. आधी घेतलेल्यातलंच थोडं ती माघारी देते, आणि कुणाला जास्त द्यायचं हे ती निवडते. हॉटेलात जाणाऱ्याला खेचायचं म्हणून तिथे ५ टक्के. पेंड तर तो घेणारच आहे, गाय काय उपाशी ठेवणार? तिथे एक तृतीयांश टक्का पुरे.

म्हणूनच मांडवगणसारख्या गावात कार्ड निवडताना जाहिरातीतला मोठा आकडा सोडून द्यावा आणि थेट ‘इतर’ची ओळ शोधावी, असं माझं ठाम मत झालं आहे. पुण्यात कोथरूडला राहणाऱ्याच्या खर्चात ‘इतर’ हा शेपटाचा भाग असेल. मामांच्या घरात तेच अख्खं जनावर आहे.

हिशेब करून बघू. मामांच्या घरचा महिना अंदाजानं असा धरा: पेंड आणि भुस्सा ८,०००, किराणा ६,०००, कृषी सेवा केंद्र ४,०००, दवाखाना-औषधं २,०००, पाइप, केबल, मोटारीची दुरुस्ती २,०००, सटरफटर १,०००. झाले २३,०००. भाचरांच्या आग्रहानं हॉटेल आणि ऑनलाइन मिळून २,०००. एकूण २५,०००. डिझेल आणि वीज बिल मुद्दाम बाहेर ठेवलं आहे, कारण बहुतेक कार्डांवर त्यांच्यावर रिवॉर्ड मिळतच नाही किंवा नाममात्र मिळतो.

माझ्यासारखं कार्ड, म्हणजे हॉटेल-ऑनलाइनला ५ टक्के आणि इतरला दर १५० रुपयांमागे दोन पॉइंट: दोन हजारांचे १०० रुपये, तेवीस हजारांचे जेमतेम ७७. महिन्याला १७७. सगळ्यावर सरसकट दीड टक्का देणारं, जाहिरातीत फारसं न चमकणारं कार्ड: ३७५. वर्षाला ४,५००. त्याची वार्षिक फी ४९९ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५८९ गेले तरी ३,९११ उरतात. आणि तिसरं, फी नसलेलं, सगळ्यावर एक टक्का देणारं: वर्षाला ३,०००. इथे एक गंमत आहे. फी भरून दीड टक्का घ्यायचा की फुकटात एक, याचा काटा महिन्याला साधारण ९,८०० रुपयांवर बसतो. खर्च त्याच्या खाली असेल तर फुकटचंच बरं.

आणि ते ‘दर १५० रुपयांमागे’ नीट वाचायचं. १४० रुपयांची खरेदी वीस वेळा केली तर २,८०० रुपये खर्च होतात आणि पॉइंट मिळतात शून्य, कारण अनेक बँका प्रत्येक व्यवहाराचा १५० चा खालचा तुकडा टाकून देतात. चहा-वडापाव, साबण, चार अंडी असा गावचा खर्च या फटीतून अलगद गळून जातो. टक्क्यानं थेट पैसे परत देणारं कार्ड यात बरं, त्याला एवढी मोठी फट नसते.

आकडे बदलतात हेही धरून चालावं लागतं. अ‍ॅक्सिस बँकेचं एस कार्ड २०२० साली आलं तेव्हा ‘इतर’वर सरसकट २ टक्के देत होतं आणि लोक त्यावर खूश होते. २०२४ मध्ये त्याचे दीड झाले. आयसीआयसीआयचं अ‍ॅमेझॉन पे कार्ड २०१८ पासून आहे, वार्षिक फी नाही, आणि ठरावीक जागांच्या बाहेर एक टक्का.

पण हा सगळा हिशेब करून मी हुशारीनं दीड टक्क्याचं कार्ड घेऊन मांडवगणला गेलो असतो, तर फजितीच झाली असती. एसवर व्हिसाचा शिक्का आहे. व्हिसा कार्ड घासायला मशीन लागतं, आणि गावच्या बाजारात मशीन शोधत हिंडावं लागतं. तिथे आहे तो क्यूआर. यूपीआयच्या क्यूआरवर क्रेडिट कार्ड चालतं ते फक्त रुपे. रिझर्व्ह बँकेनं जून २०२२ मध्ये त्याची घोषणा केली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मुंबईत ते सुरू झालं. त्याआधी पेंडीच्या दुकानात क्रेडिट कार्ड निरुपयोगी होतं आणि त्यानंतर एका रात्रीत ते चालायला लागलं, दुकानदारानं काहीच बदललं नसताना. काचेवरचा कागद तोच. मला हे अजूनही जादूसारखं वाटतं. पण मग निवडीचा क्रमच उलटा होतो: आधी रुपे आहे का, मग ‘इतर’चा दर, आणि मग तो दर यूपीआयवरून दिलेल्या पैशालाही लागू आहे का. काही कार्डं क्यूआरवरच्या खर्चाला आणखी कमी देतात, काही देतच नाहीत. न चालणाऱ्या कार्डाचा दीड टक्का शून्याच्या दीड टक्क्याएवढाच.

त्यात ते ०००० आडवे येतात. रुपे क्रेडिट कार्डानं फक्त दुकानाला पैसे देता येतात, माणसाला नाही. गावात कितीतरी दुकानदार आपल्या नाहीतर मुलाच्या साध्या खात्याचा क्यूआर लावून बसतात. तिथे कार्ड लावलं की व्यवहार अडतो आणि मागे रांगेतला माणूस खाकरतो. दुकानदाराला समजवायला जावं, तर त्याचा पहिला प्रश्न, “मग माझे किती कापणार?” प्रश्न रास्त आहे. छोट्या दुकानदाराला २,००० रुपयांपर्यंतच्या अशा व्यवहारावर शुल्क नाही, पण त्यापुढे लागतं. माझे दहा रुपये त्याच्या खिशातून आले असतील, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं आणि त्या दहा रुपयांची चव थोडी बदलली.

खरं तर या गावांत ‘क्रेडिट कार्ड’ हा शब्द मोबाइलच्या कितीतरी आधी आला. किसान क्रेडिट कार्ड १९९८ साली सुरू झालं. पीककर्जाचं ते खातं, त्यावर पॉइंट-बिइंट काही नाहीत. पण बक्षीस आहे आणि दणदणीत आहे: तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं, की केंद्राची आणि राज्याची व्याज सवलत मिळून व्याज शून्यावर येतं. राज्याच्या त्या योजनेला डॉ. पंजाबराव देशमुखांचं नाव आहे. तारीख चुकवली की सवलत गेली. म्हणजे रिवॉर्ड कशाचं, तर काय विकत घेतलं याचं नाही, कधी फेडलं याचं. मामांना ३० जून-३१ मार्च या तारखा देवाच्या नावासारख्या पाठ आहेत.

बँकेच्या कार्डाचंही खरं गणित तारखेतच आहे. ४५-५० दिवसांपर्यंत बिनव्याजी मिळतात, पण तारीख हुकली तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज आणि त्यावर जीएसटी. पंचवीस हजार एक महिना अंगावर राहिले तर हजारावर रुपये जातात. दीड टक्क्याच्या कार्डानं पावणेतीन महिन्यांत जे दिलं, ते एका महिन्यात परत. गावाची मिळकत काही एक तारखेला येत नाही. दुधाचे पैसे दहा दिवसांनी येतात. उसाचे पैसे ऊस कारखान्याला पोचल्यापासून १४ दिवसांत द्यावेत असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो, आणि ते कधी येतात हे ज्याच्या त्याच्या कारखान्यावर. म्हणून कार्ड घेतलंच तर बिलाची तारीख दुधाच्या हप्त्याला जुळवून घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बिलाचं चक्र निदान एकदा बदलून मागता येतं, बँक नाही म्हणू शकत नाही. ही सोय वापरणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

संक्रांतीला पुन्हा मांडवगणला गेलो तेव्हा या सगळ्या माहितीसह पेंडीच्या दुकानात उभा होतो. दुकानदाराला त्याच्या क्यूआरमधले चार आकडे वाचून दाखवले. त्याला फारसं नवल वाटलं नाही. त्यानं गल्ल्याखालून लाल पुठ्ठ्याची उधारीची वही काढली. प्रत्येक नावापुढे एक अक्षर होतं, कुठे ‘दू’, कुठे ‘ऊ’. दुधाच्या हप्त्यावर देणारा, उसाच्या बिलावर देणारा. त्यावरून तो भाव ठरवतो, उधारी किती द्यायची तेही ठरवतो. मामांच्या नावापुढे ‘दू’ होतं.

“आन् आता हे कार्डानं देनार,” त्यानं पेन उघडून माझ्याकडे बघितलं. “मग ह्यांच्यापुढं काय लिहू?”

मामा म्हणाले, “दूच ऱ्हाऊ दे. पोरगं परवा जातंय पुण्याला.”